परिचय, दोन मिनिटांत

प्राचार्य म्हणाले, पगार सर, दोन मिनिटांत आटपा,
पाहुण्यांना पाचच्या गाडीनं जायचंय.
माझं आडनाव पगार. आमच्याकडे कळवणला निम्मं गाव पगार.
तासिका तत्त्वावरच्या माणसानं हे आडनाव लावू नये
हा विनोद स्टाफरूममध्ये दर जूनला नव्यानं होतो,
आणि मानधन मार्चनंतर.

हातात चार पानं.
डॉ. मंदाकिनी गांगुर्डे.
दारिद्र्यमापन, श्रमबाजार, ग्रामीण वेतन.
वॉशिंग्टनला अकरा वर्षं, लिलाँग्वेला तीन,
ढाक्यात सल्लागार, मग पुन्हा विद्यापीठ,
ज्याचं नाव मी काल रात्री आरशासमोर सहादा म्हणून पाहिलं
आणि सहाही वेळा वेगळं आलं.

चार पानांत तिचे वडील नाहीत.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ते नोटांचे ताव तपासायचे,
शाई फाकलेली, आकडा सरकलेला बाजूला काढायचे.
सुटताना गेटवर रोज झडती.
त्याची इतकी सवय की जेलरोडच्या खोलीत शिरतानाही
खिसे उलटे करून दाखवायचे,
आणि मंदा, सात वर्षांची, गंभीरपणे म्हणायची, जा.
पैसा म्हणजे काय, हे ती तिथे शिकली असावी:
दिवसभर हाताळायचा, आणि घरी आणायचा नाही.

एम.ए.ला आम्ही दोघं लासलगावला गेलो होतो, पाहणीला.
चाळीवर कांदा निवडणाऱ्या बायका, बत्तीस प्रश्न, एक पॅड.
रोज किती मिळतात, हजेरी कोण लावतं, घरी खाणारी तोंडं किती.
त्यातल्या एकीनं, ठकूबाई नाव, हात न थांबवता विचारलं,
हे लिवून घेतल्यावर काय होतं?
मी म्हणालो, अहवाल होतो.
मंदानं तो प्रश्न समासात लिहून घेतला.
तेहतिसावा.
सरांनी गुण कापले. समास मोकळा ठेवा म्हणाले.

मी माईकपाशी. पदव्या वाचल्या, शहरं वाचली,
विद्यापीठ सातव्या प्रकारे वाचलं.
अकरा हजार कुटुंबांची पाहणी म्हटल्यावर
मागच्या बाकांवरून टाळ्या, बहुधा आकड्याला.
शेवटच्या पानावर, अगदी तळाला, बारीक टायपात होतं:
एकोणीसशे चौऱ्याण्णव, जुलै ते सप्टेंबर,
तासिका अध्यापक, हेच महाविद्यालय.
ती ओळ मी वाचली नाही. वेळ झाला होता, म्हणजे झाला नव्हता.

ते तीन महिने ती शिकवत होती. मग तिला शिष्यवृत्ती आली,
आणि तिचे सोमवार-बुधवारचे तास मला मिळाले.
खडूचा डबासुद्धा तोच.
ती जिथून निघाली त्या ओळीत मी एकतीस वर्षं राहतोय,
दरवर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत,
अध्यापनाचा अनुभव किती? या रकान्यासमोर
लिहितो, आणि जागा पुरत नाही.

ती उठली. चष्मा पुसला. म्हणाली,
पगार सरांनी एक ओळ गाळली.
आणि ती ओळ तिनं स्वतः वाचली, महिन्यांसकट.
सभागृहात कोणाला काही कळलं नाही.
प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

प्रश्नोत्तरांत एका पोरानं उभं राहून विचारलं,
मॅडम, तिकडे पगार किती असतो?
सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही.
तिनं आकडा सांगितला. खरा, न लाजता, रुपयांत करून.
हसू थांबलं. मग त्याच पोरीसारख्या गंभीर आवाजात
ती म्हणाली, आता तुमच्या सरांना विचारा.

कोणी विचारलं नाही.

गाडीपर्यंत सोडायला गेलो. ठकूबाईचं विचारावं म्हणत होतो,
उत्तर सापडलं का लिलाँग्वेत वगैरे.
पण फाटकाशी रखवालदार सहज पुढे आला
आणि तिनं, त्यानं काही म्हणायच्या आत,
पर्स उघडून त्याच्यापुढे धरली.
तो गोंधळला. माझ्याकडे पाहायला लागला.
मी म्हणालो, जा.